उलटी गाठ

नावेच्या मोटारीखाली पाण्यात जे फिरतं, त्याला आमच्याकडे पंखा म्हणतात. त्याचं दुसरं नाव मला माहीत नाही आणि आता शिकायची हौसही उरलेली नाही. आमच्या मच्छीमार संस्थेच्या लेटरहेडवर मी तीनदा अर्ज केला होता: नावेचा पंखा निकामी झाला असून नवीन पंखा मिळावा, ही विनंती. दोन अर्जांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं. पंख्याची मागणी विजेच्या सामानाच्या नमुन्यात करावी आणि खोलीची लांबी-रुंदी कळवावी, असं त्यात होतं. तो कागद मी फेकला नाही. नावेच्या पेटीत पान्यांखाली ठेवून दिला आहे, कधीमधी हसायला बरा पडतो.

पण ज्या दोन दिवसांबद्दल सांगतो आहे, त्या दिवसांत हसण्याइतका जीव माझ्यात नव्हता.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. गावातून डांबरी रस्त्याला लागायचं तर मध्ये नाला आहे आणि नाल्यावर रपटा, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. त्याच्या दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचे दगड रोवलेले आहेत. नदी भरली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे चढतं. मग रपटा, त्याच्या आजूबाजूच्या धानाच्या बांध्या, पंपांची खोपटं, सगळं पाण्याखाली जातं आणि आठ-आठ दिवस गावाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

संस्थेला योजनेतून मोटार मिळाली ती मासेमारीला. गावाने तिची एस.टी. करून टाकली. चालवणारा मी एकटा, कारण चंद्रपूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मीच गेलो होतो, आणि त्यातला एक दिवस पाहुण्यांच्या हार-तुऱ्यांत गेला. उरलेल्या एका दिवसात जे शिकलो त्यावर आजपर्यंत निभावतो आहे. रेशनची पोती, शाळेचे मास्तर, तापाने फणफणलेले म्हातारे, कुणाच्या शेळ्या. "भाऊ, एक खेप मारून द्या ना जी," असं कुणीतरी दारात येऊन म्हणतं आणि मी उठतो. पाठ धरलेली असते, गुडघे बोलत असतात, तरी उठतो. नाही म्हणायची सोय नाही, कारण वल्ही मारत जाणं बंद झालं आहे. एका पावसाळ्यात रपट्यावरच्या धारेत एक डोंगा उलटला आणि दोघं जण अर्धा दिवस पळसाला मिठी मारून बसले. तेव्हापासून तलाठ्याने सगळ्यांना तंबी दिली आहे की मोटारीशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही. ते दोघं वाचले ते नशिबाने, म्हणून ती तंबी मीही मोडत नाही.

घरात आम्ही तिघं. मी, माझी माय आणि माझी मुलगी. मुलीची आई ती आठ वर्षांची असतानाच गेली. ज्या दोन दिवसांबद्दल सांगतो आहे, तेव्हा मुलगी बावीस वर्षांची होती आणि पोलीस भरतीच्या मागे हात धुऊन लागली होती. उजाडायच्या आधी कालव्याच्या रस्त्याने पळायची, परसात नदीतला गोल गोटा डाव्या हाताने फेकायची. त्या गोट्याने माझं कुंपण दोनदा मोडलं. आदल्या वर्षी तिला मैदानी चाचणीचं बोलावणं आलं, त्याच आठवड्यात नाल्याला पाणी चढलं, आणि मोटार बंद पडून होती. ती माझ्यामुळेच बंद होती, ते पुढे सांगतो. पोरगी दोन दिवस काठावर बॅग घेऊन बसली. रडली नाही, मला एका शब्दाने बोलली नाही. ते प्रवेशपत्र तिने लोखंडी पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलं आहे आणि मला ते माहीत नाही असं ती समजते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा भर पावसाळ्यातच. चंद्रपूरला, सकाळी पाच वाजता मैदानावर हजर. म्हणजे आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती पाण्यापलीकडे पोचायला हवी, तिथून बसने मावशीच्या घरी. मी तिला म्हटलं होतं, "या खेपेले मी नेतो. पानी येवो का काई येवो." असं एकदा बोलून बसलो की माणूस अडकतो.

पाणी आलंच. आणि तिच्या जायच्या आदल्या सकाळी मी रेशनची पोती घेऊन परत येताना पंखा दगडावर आपटला.

चूक माझी. रपट्याचे दगड पाण्याखाली दिसत नाहीत, त्यामुळे दोन पळसांच्या बरोबर मधून नाव काढायची, हे माझं नेहमीचं गणित. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात एक पळस आडवा झाला होता आणि मी त्याच्या पलीकडच्या बाभळीला पळस समजलो. खेपांचा सलग चौथा दिवस होता, डोळे जड झाले होते. खाडकन आवाज आला, दांडा हातातून सुटला, आणि मोटार नुसतीच कोकलायला लागली. नाव जागची हलेना. दांडा म्हणजे मोटारीची ती मूठ, जिने नाव वळवतो. बांबूने रेटत रेटत काठाला आलो. पोती उतरवायला आलेल्यांपैकी एकाने विचारलं, "भाऊ, दुपारची खेप हाय ना?" मी मोटार वर उचलून त्याला पातं दाखवलं. तो पोतं घेऊन गेला.

पंखा काढणं अवघड नाही. आधी प्लगची टोपी उपटायची, म्हणजे हात आत असताना मोटार चुकूनही फिरत नाही. त्या प्रशिक्षणातली ही एकच गोष्ट मी कधी विसरलो नाही. मग पात्याच्या आणि वरच्या पाटीच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवायचा, पिनेची वाकवलेली टोकं पकडीने सरळ करून ती ओढायची, नट फिरवायचा, आणि पंखा हलवत हलवत बाहेर घ्यायचा. तीन पाती. दोन चांगली होती, तिसरं पुढून असं वाकलं होतं की बघवेना. मागे शाफ्टवर, म्हणजे पंखा ज्या कांबीवर बसतो तिच्यावर, चिखल आणि शेवाळ बसलं होतं. पुसायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या लावताना पुसू. तिथे मी आळस केला.

दुसरा पंखा नव्हता. मोटारीबरोबर आलेला होता, तो मीच आदल्या वर्षी वितळवला. तेव्हाही असंच पातं वाकलं होतं. लोखंड तापवायची सवय, म्हणून कोळशात धरून लाल व्हायची वाट बघत बसलो. ॲल्युमिनियम लाल होत नाही, ही अक्कल मला पात्याचं टोक टपकन शेगडीत गळून पडल्यावर आली. म्हणूनच मोटार बंद होती आणि म्हणूनच पोरगी काठावर बसून राहिली. पुढे धरणावरच्या एका मच्छीमाराने त्याचा जुना पंखा दिला, वर एक युक्ती फुकट दिली. पात्याला धुण्याचा साबण घासायचा आणि आचेवर धरायचं. साबण काळा पडला की काढायचं. त्याच्या पुढे एक क्षणही ठेवायचं नाही.

ओसरीत शेगडी पेटवली. मधल्या भागात रबर असतं, ते जळू नये म्हणून त्याला ओलं पोतं गुंडाळलं. वाकलेल्या पात्याला पिवळ्या बट्टीचा साबण चोळला. चांगलं पातं आधी चिकणमातीच्या गोळ्यात दाबून त्याचा ठसा घेऊन ठेवला होता, त्या ठशात बसेल असं वाकडं पातं करायचं होतं. तापवायचं, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून कपडे धुवायच्या मोगरीने हळू हळू ठोकायचं, ठशात बसवून बघायचं, पुन्हा तापवायचं. जोरात ठोकलं तर तडा जातो. मला हळू काही करता येत नाही, सारा जन्म माझा आरडाओरडीत गेला, पण त्या दुपारी मी इतका हळू ठोकत होतो की माय सूप बाजूला ठेवून बघायला आली.

"साबन काऊन लावून राह्यला?" तिने विचारलं.

"आंघोळ घालून राह्यलो त्याले," मी म्हटलं.

मुलगी तेवढ्यात पळून आली होती, घामाघूम. तिने पंखा पाहिला, मला पाहिलं, आणि आत निघून गेली. उद्याचं काय, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. दिवस मावळता मावळता पातं ठशात बसलं, जवळजवळ बसलं, आणि मी शेगडीत पाणी ओतून जो आडवा झालो तो जेवायलाही उठलो नाही.

सकाळी काठावर गेलो, शाफ्ट पुसायला घेतला. रॉकेलच्या चिंधीने चिखल निघाला आणि त्याच्याखाली लाल काहीतरी दिसलं. आधी वाटलं ग्रीस. नखाने खरवडलं तर दोरा. देवाचा लाल-पिवळा धागा, मधे जरीची तार असलेला, शाफ्टला गुंडाळून गुंडाळून इतका घट्ट बसलेला की लाखेसारखा कडक झाला होता. तो फिरत फिरत आत सरकला होता आणि तेल आत, पाणी बाहेर ठेवणाऱ्या तिथल्या रबरी सीलची कड त्याने कापून काढली होती. खालचा बोल्ट सैल करून पाहिला तर तेल दूध घातलेल्या चहासारखं बाहेर आलं. म्हणजे गिअरात पाणी. महिनाभर नावेमागे पाण्यावर तेलाचे रंग दिसत होते आणि मी पंपाच्या डिझेलला शिव्या देत होतो.

आता मायच्या धाग्यांबद्दल सांगायला हवं. माय सगळ्याला धागा बांधते. गाईच्या शिंगाला, गॅसच्या सिलिंडरला, मोबाईलच्या चार्जरलाही एकदा बांधला होता. आणि मला दिसला की मी तोडतो. पोळ्याला तिने मोटारीच्या दांड्याला बांधला होता, तो मी तिच्यासमोर सुरीने कापून नाल्यात टाकला. लोक म्हणतात हा नास्तिक आहे. तसं काही नाही. माझी बायको आजारी होती तेव्हा मायने तिच्या मनगटात इतके धागे बांधले, आणि मनगट रोज इतकं बारीक होत गेलं, की शेवटी ते सगळे धागे घसरून तळहातावर येऊन बसले. तेव्हापासून मला धागा सहन होत नाही. एवढंच आहे, यात देवाचा काही प्रश्न नाही.

तसाच तेलकट हाताने घरी गेलो. माय अंगणात बसून लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तो लाल गुंता तिच्या सुपात टाकला.

"हे तुहं काम हाय का?"

तिने गुंता उचलून डोळ्यांजवळ नेला. मग ती बोलायच्या आत मीच सुटलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहायची माझी तयारी नाही. म्हटलं, पोरीच्या पायात खोडा घालाले मले घरातलीच भेटली. म्हटलं, तुहे धागे माह्याच मुळावर आले, तिलेबी बांधले होते इतके, वाचली का ते. हे शेवटचं मी बोललो. ऐंशीच्या घरातल्या म्हातारीला, सकाळी नऊ वाजता, शेजारीपाजारी ऐकत असताना.

मुलगी आतून दारात आली. तिच्या हातात धुतलेले बूट होते. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात माय तिला म्हणाली, "तू आपली बॅग भर व." आणि मग माझ्याकडे न बघता, "हव. मीच बांधला. मले वाटलं, चांगलं होईल." तिने गुंता सुपाबाहेर काढून माझ्या हातात दिला आणि डाळ पुन्हा पाखडायला लागली.

मी परत काठावर आलो. नावेच्या काठावर बसून शाफ्टमध्ये उरलेला धागा जाळं दुरुस्त करायच्या सुईने उसवायला लागलो. थोडा थोडा निघत होता. सगळ्यात आत, शाफ्टला चिकटून, मूळची गाठ अजून शाबूत होती.

ती गाठ देवाच्या धाग्याची नव्हती. जाळ्याची होती. फासा घेऊन मागून आवळतो ती, दोरा ओला झाला तरी न सुटणारी. ती गाठ आमच्या लोकांशिवाय या गावात कुणी मारत नाही. आणि ती उलटी होती. माझी गाठ उजवीकडे आवळते, ही डावीकडे आवळलेली होती.

माझ्या घरात डावखुरं एकच माणूस आहे. तिला जाळं विणायला मीच शिकवलं, ती दहा वर्षांची असताना. माझं बघून करायची तर सगळं उलटं व्हायचं. मी वैतागायचो, ओरडायचो, दोरा हिसकावून घ्यायचो. मग एके दिवशी तिच्या शेजारी बसायचं सोडून समोर बसलो, आरशात बघावं तसं ती माझं बघत गेली, आणि तासाभरात शिकली. तिने विणलेल्या जाळ्यात तिचा भाग कुठला हे मी नुसत्या बोटांनी सांगू शकतो. आणि माय? मायचे हात दोन वर्षांपासून थरथरतात. तिच्या कनवटीची गाठसुद्धा रोज सकाळी नात मारून देते. हे मला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर होत होतं. तरी मी सुपात गुंता टाकला.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही. आणि लाज वाटली तरी घरी जाऊन काही बोलायला वेळ नव्हता, कारण सूर्य वर आला होता आणि पंखा अजून जमिनीवर होता.

नवीन सील आणायचं तर पाण्यापलीकडे जायला हवं, आणि पलीकडे जायचं तर मोटार हवी. तेव्हा तो विचारच नको. घरात ऑटोच्या गिअरचं तेल अर्धा डबा होतं. जुनं पाणचट तेल सगळं गळू दिलं, खालच्या भोकातून नवीन भरलं, बोल्ट आवळला. कापलेल्या सीलवर घट्ट ग्रीस बोटाने दाबून दाबून बसवलं. चार-सहा खेपा निघाल्या असत्या. मला दोनच हव्या होत्या, एक जायची आणि एक यायची. शाफ्टला ग्रीस, वॉशर, पंखा, नट. पिन जुनीच होती, टोकं एकदा सरळ केलेली. पुन्हा वाकवताना एक टोक तुटलं. ती फेकून सायकलच्या आऱ्याचा तुकडा दुहेरी करून घातला. प्लगची टोपी लावली. दोरी ओढली. चौथ्या ओढीला लागली. पंखा फिरताना थोडी थरथर होती, पण नाव पुढे सरकली.

बाराच्या सुमारास मुलगी बॅग घेऊन आली. माय काठापर्यंत आली नाही. मुलीने तरंगायचं जॅकेट घातलं, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मांडीवर ठेवले, आणि माझ्याकडे तोंड करून बसली. आधी मोटार तपासायला मारलेल्या चकरेतच मी उरलेल्या पळसाला, पुन्हा बाभळीशी गल्लत नको म्हणून, मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून आलो होतो. रपट्याजवळ आल्यावर मोटार हळू केली. तिथे खाली धार ओढते, नाव तिरपी होते. बांबूने दगड चाचपला, डावीकडे होता, हातभर अंतरावर. पार झालो. मागे पाण्यावर तेलाचा एक बारीक रंगीत पट्टा उमटत होता आणि तो आम्ही दोघं बघत होतो.

पलीकडे डांबरी रस्त्यावर नाव टेकली. तिथे पाण्याच्या कडेला एक ऑटो उभाच होता. ती उतरली, बॅग खांद्याला लावली, पण निघाली नाही.

"बाबा, आजीनं नाई बांधला तो."

"मले मालूम हाय."

"कसं?"

"गाठ उलटी हाय."

तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी भरती झाली त तुमच्यासंगं नावेत कोनी नाई राहत. म्हनून बांधला. चाचणीसाठी नाई."

मी म्हटलं, "मंग दांड्याले बांधाचा ना. दांड्याले बांधला असता त काई झालं नसतं. पंख्यामागं कोनी बांधते का?"

"दांड्याले बांधला असता त तुमी तोडला असता," ती म्हणाली.

ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. ती गेली. जाताना तिने मागे वळून हात केला, मीही केला, आणि नाव वळवली. खरं होतं ते. तोडलाच असता. माझ्या डोळ्यांना दिसू नये म्हणून पोरीने तो अशा जागी लपवला की जिथे माझी नजर जात नाही, आणि तिथेच त्याने मोटार कापत आणली. सील धाग्याने कापलं होतं, पण धागा तिथे माझ्या तोंडाच्या भीतीने गेला होता. दगडाला, पळसाला, पंपाच्या डिझेलला, म्हातारीला, सगळ्यांना बोल लावून झाले होते. आता लावायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

परत आलो. माय ओसरीत बसली होती, डाळ तशीच, ताट झाकून ठेवलेलं.

"पोचली का पोट्टी?"

"पोचली."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. माफी मागायची आमच्या घरात रीत नाही, मला ती जमतही नाही. मी म्हटलं, "माय, तुले उलटी गाठ मारता येते का व?"

ती हसली नाही. म्हणाली, "तिचं नाव सांगतलं असतं त तू तिच्यावर वरडला असता. पोट्टी मनात दुःख घेऊन पळाले गेली असती. माह्यावर वरडाची तुले सवय हाय, अन मले आयकाची." मग तिने झाकलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. भाकर गार झाली होती. खाताना डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत, ती शेजारीच होती तरी.

पाणी ओसरल्यावर पोरगी रपट्यावरून पायी चालत घरी आली, लंगडत, एका बोटाचं नख काळं पडलेलं. गोळा चांगला गेला म्हणाली. यादी लागायला बरेच महिने गेले. त्या काळात नवीन सील आणलं, स्टीलची पिन आणली, नवीन पंख्यासाठी चौथा अर्ज केला आणि त्यात पंखा हा शब्द टाळायचा म्हणून चित्र काढून दिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. यादी मात्र आली, आणि तिचं नाव यादीत होतं.

प्रशिक्षणाला निघायच्या दिवशी नाल्यात पाणी नव्हतं. रपटा कोरडा, दगड उघडे. बस पकडायला ती चालत जाऊ शकत होती. तरी ती आधी काठावर आली, जिथे मी नाव उलटी करून डांबर लावत होतो. मोटार बाजूला लाकडी घोड्यावर टांगलेली होती. तिने खिशातून धागा काढला, लाल-पिवळा, जरीचा. मायकडून घेतला असणार. मोटारीजवळ गेली आणि माझ्याकडे बघत बघत, मुद्दाम, दांड्याला गुंडाळायला लागली. तिची बोटं उलटी चालत होती. गाठ मारायच्या आधी ती थांबली, मी काही बोलतो का म्हणून.

डांबराचा ब्रश माझ्या हातात तसाच होता. मी म्हटलं, "घट्ट बांध."